मंत्री आणि त्यांचे खाते



समुद्रपूर येथे पूर्वी ग्रामपंचायत होती. काही वर्षांपूर्वी तेथे नगरपंचायत झाली. रस्त्यावरचा दिवा बंद पडला, नळाला पाणी आले नाही, गटार तुंबले, की लोक तेथे अर्ज करतात. घरपट्टीही तेथेच भरतात. पण नगरपंचायतीला ही पट्टी घेण्याचा अधिकार कोणी दिला? नगरसेवक किती असावेत, सभा कशी चालवावी, हे कोणी ठरवले? हे सर्व एका कायद्याने ठरले आहे. तो कायदा १९६५ सालचा आहे. त्यात पुढे अनेक बदल झाले, 'नगरपंचायत' हा शब्दही त्यात नंतर आला. पण मूळ कायदा तोच. तो झाला त्या वेळी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळात डॉ. रफिक झकेरिया होते. या पाठात आपण त्यांची ओळख करून घेणार आहोत. त्यांच्या निमित्ताने मंत्री काय काम करतात तेही पाहणार आहोत.

उर्दू वर्तमानपत्रांत मंत्र्याला 'वजीर' म्हणतात. मराठीत 'वजीर' हा शब्द आता बहुधा बुद्धिबळाच्या पटावरच भेटतो. पटावरचा वजीर एकटाच सगळीकडे धावतो, हवे त्याला मारतो. मंत्र्याचे तसे नसते. मंत्री होण्यासाठी विधानसभेचा किंवा विधान परिषदेचा सदस्य असावे लागते. नसल्यास सहा महिन्यांच्या आत व्हावे लागते. मुख्यमंत्री नावे सुचवतात, राज्यपाल शपथ देतात. शपथा दोन असतात, एक पदाची आणि दुसरी गोपनीयतेची. मंत्री किती असावेत यालाही आता मर्यादा आहे. २००३ सालच्या घटनादुरुस्तीनुसार, विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या शंभराला पंधरा या प्रमाणापेक्षा जास्त मंत्री करता येत नाहीत. आपल्या विधानसभेत २८८ सदस्य आहेत. म्हणजे मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त ४३ मंत्री. (गणित करून पाहा!)

प्रत्येक मंत्र्याकडे एक किंवा अधिक खाती असतात : महसूल, आरोग्य, शिक्षण, नगरविकास अशी. खात्यात सचिव असतात, अधिकारी असतात, कारकून असतात. मंत्री बदलतात, खाते तसेच राहते. एखादा कायदा करायचा असेल तर खाते आधी त्याचा मसुदा तयार करते. 'मसुदा' म्हणजे तुमच्या उर्दूतला 'मुसव्वदा'. हा मसुदा मंत्रिमंडळापुढे जातो, मग विधेयक म्हणून दोन्ही सभागृहांत मांडला जातो. सदस्य प्रश्न विचारतात, चुका दाखवतात, दुरुस्त्या सुचवतात. मंत्र्याला उभे राहून उत्तरे द्यावी लागतात. विधेयक मंजूर झाले, राज्यपालांची, आणि काही वेळा राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणजे त्याचा कायदा होतो.

रफिक झकेरिया यांचा जन्म ५ एप्रिल १९२० रोजी ठाणे जिल्ह्यातील सोपारा या गावी झाला. हे गाव आता पालघर जिल्ह्यात आहे. त्यांचे घराणे कोकणी मुसलमानांचे. मुंबईत शिक्षण घेऊन ते लंडनला गेले. तेथे त्यांनी पीएच.डी. ही पदवी मिळवली आणि ते बॅरिस्टरही झाले. परत आल्यावर त्यांनी मुंबईत वकिली केली, पुस्तके लिहिली. १९६२ साली काँग्रेस पक्षाच्या वतीने ते औरंगाबादमधून विधानसभेवर निवडून आले. औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. ते त्यांचे गाव नव्हते. कोकणातला, मुंबईत वाढलेला माणूस मराठवाड्यात जाऊन लोकांची मते मागतो आणि लोक ती देतात, ही साधी गोष्ट नाही. त्याच वर्षी ते मंत्री झाले. पुढे सुमारे पंधरा वर्षे ते राज्याच्या राजकारणात महत्त्वाच्या पदांवर राहिले. नगरविकास आणि सार्वजनिक आरोग्य ही खाती त्यांनी सांभाळली.

त्या वेळी महाराष्ट्र राज्य नवे होते. १ मे १९६० रोजी ते स्थापन झाले. पण त्याचे भाग निरनिराळ्या ठिकाणांहून आले होते. आपला विदर्भ १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होता. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे हिंगणघाटच्या नगरपालिकेला १९२२ चा मध्य प्रांताचा कायदा लागू, मराठवाड्यातील शहरांना हैदराबादचा कायदा लागू, तर पुणे-नाशिककडे मुंबई प्रांताचे जुने कायदे चालू! राज्य एक, पण कर निराळे, अधिकार निराळे, निवडणुकीचे नियम निराळे. १९६५ च्या कायद्याने हा गोंधळ संपवला. महानगरपालिका असलेली मोठी शहरे सोडून राज्यातील सगळ्या नगरपालिकांना एकच कायदा मिळाला. अशा कायद्याबद्दल कोणी पोवाडा रचत नाही. पण हिंगणघाट आणि औरंगाबाद यांना एका नियमात आणणे म्हणजे नकाशावरचे राज्य प्रत्यक्षात एक करणे होते.

याहूनही मोठे काम मला दुसरेच वाटते. नगरपालिकांकडे कामे पुष्कळ आणि पैसा थोडा, ही तक्रार तेव्हाही होती, आजही आहे. याचा विचार करण्यासाठी देशातील काही राज्यांच्या मंत्र्यांची एक समिती नेमली होती. झकेरिया तिचे अध्यक्ष होते. समितीचा अहवाल १९६३ साली आला. समितीने काय केले? 'पैसे कमी पडतात' एवढेच सांगून ती थांबली नाही. शहरांचे तिने लोकसंख्येप्रमाणे गट पाडले. मग एका माणसाला पुरेसे पाणी द्यायचे तर खर्च किती, सांडपाणी वाहून न्यायला किती, रस्त्याला किती, दिव्यांना किती, असा माणशी हिशोब मांडला. हे आकडे पुढे कितीतरी वर्षे देशभर वापरले गेले. महागाई वाढली की अभ्यासक तेच आकडे वाढवून घेत आणि सांगत, आज या शहराला इतका पैसा हवा. 'झकेरिया समितीचे निकष' हे नाव नगररचनेच्या अभ्यासात आजही येते. तुमच्या गल्लीतला दिवा ही कोणाची मेहेरबानी नाही. त्याचा खर्च मोजता येतो आणि तो मोजून मागता येतो, हे या हिशोबामुळे स्पष्ट झाले.

मंत्र्यांचे सगळेच निर्णय इतके सरळ नसतात. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना मुंबईची गर्दी कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवायचे ठरले. त्यासाठी १७ मार्च १९७० रोजी 'सिडको' ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) या जिल्ह्यांतील ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जागा या योजनेत आली. हीच आजची नवी मुंबई. पुढे औरंगाबादेतही सिडकोने मोठी वसाहत उभारली. हजारो कुटुंबांना घरे मिळाली, हे खरेच. पण ज्यांची भातशेती आणि मिठागरे गेली, त्यांना मिळालेला मोबदला फार थोडा होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी आंदोलन केले. जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच आंदोलकांचा मृत्यू झाला. त्यानंतर जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. तोपर्यंत झकेरिया राज्याच्या मंत्रिमंडळात नव्हते. मग जबाबदारी कोणाची? आपल्या राज्यघटनेप्रमाणे मंत्रिमंडळाची जबाबदारी सामुदायिक असते. निर्णयाचे श्रेय सर्वांचे, तसा दोषही सर्वांचा. 'ते खाते माझे नव्हते' असे म्हणून कोणत्याही मंत्र्याला सुटता येत नाही.

झकेरिया यांनी शिक्षणातही खूप काम केले. मराठवाड्यात तेव्हा महाविद्यालये फार थोडी होती. आमदार झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९६३ साली, औरंगाबादच्या रौजा बाग भागात मौलाना आझाद महाविद्यालय सुरू झाले. पुढे मुलींचे महाविद्यालय निघाले. हॉटेल व्यवस्थापन शिकवणारी संस्थाही आली. उर्दू माध्यमातून शिकलेली कितीतरी मुले-मुली तेथे पदवीपर्यंत पोहोचली. येथे एक फरक लक्षात ठेवा. कायदा सरकारचा असतो, तो मंत्री गेल्यावर दुसरा मंत्री बदलू शकतो. महाविद्यालय संस्थेचे असते. मंत्रिपद गेले तरी ते चालवावे लागते, दरवर्षी शिक्षक आणावे लागतात, पैसा जमवावा लागतो. हे काम झकेरिया यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

१९७८ ते १९८४ या काळात ते राज्यसभेचे सदस्य होते. नंतरची वर्षे त्यांनी मुख्यतः लेखनात घालवली. रझिया सुलतान, पंडित नेहरू, कवी इक्बाल यांच्यावर त्यांनी इंग्रजीत पुस्तके लिहिली. ९ जुलै २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. औरंगाबादच्या त्याच महाविद्यालयाच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी फातमा झकेरिया यांनी त्या संस्था सांभाळल्या. त्या स्वतः नामवंत पत्रकार होत्या आणि २००६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एप्रिल २०२१ मध्ये करोनाने त्यांचे निधन झाले. रौजा बागेतल्या त्या वर्गांत आजही विद्यार्थी शिकत आहेत.