बहुजोडणी मार्गण व त्यातील दोषशोधन

एखाद्या कार्यालयाचे, रुग्णालयाचे किंवा शिक्षणसंस्थेचे अंतर्गत संगणक जाल एकाच फायरवॉल राउटरमार्फत दोन किंवा अधिक इंटरनेट जोडण्यांना जोडणे आणि बाहेर जाणारे प्रत्येक पॅकेट त्यांपैकी कोणत्या जोडणीने पाठवावयाचे हे ठरविणे, या क्रियेला बहुजोडणी मार्गण म्हणतात. एक जोडणी बंद पडल्यास दुसरीने काम चालू राहावे आणि दोन्ही चालू असताना भार त्यांच्यात वाटला जावा, असा तिचा दुहेरी उद्देश असतो. तथापि जोडण्यांची संख्या वाढविल्याने विश्वासार्हता आपोआप वाढत नाही. उलट, एकाच जोडणीच्या जालात न आढळणारे काही दोष येथे नव्याने उद्‌भवतात. त्यांतील बऱ्याच दोषांचे मूळ एकच असते. राउटर या नात्याने हे उपकरण प्रत्येक पॅकेटाचा स्वतंत्र विचार करते, तर फायरवॉल या नात्याने ते संपूर्ण संभाषण लक्षात ठेवते. या दोन कार्यांत विसंगती निर्माण झाली म्हणजे संदेश जातो, पण त्याचे उत्तर पोहोचत नाही.

इतिहास : संदेशाचे लहान तुकडे करून ते स्वतंत्रपणे पाठविण्याची कल्पना १९६०–७० या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन व ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडली. १९६९ मध्ये सुरू झालेल्या अर्पानेट या जालात तिचा वापर झाला. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरनेट प्रोटोकॉलाच्या विनिर्देशानुसार राउटर मुख्यतः गंतव्य पत्ता पाहून पॅकेटाची पुढची पायरी ठरवितो. मोठ्या संस्था व सेवादाते १९८९ मध्ये प्रथम वर्णिलेल्या बॉर्डर गेटवे प्रोटोकॉलाच्या साहाय्याने स्वतःचे पत्ते अनेक मार्गांनी जाहीर करतात. त्यामुळे जोडणी बदलली, तरी त्यांचा पत्ता बदलत नाही. लहान संस्थांची स्थिती वेगळी असते. त्यांना प्रत्येक सेवादात्याकडून निराळा पत्ता मिळतो आणि १९९४ मध्ये वर्णिलेल्या नॅट या पत्ता-रूपांतरण पद्धतीने अंतर्गत संगणकांचे पत्ते त्याच्या आड झाकले जातात. ही पद्धत स्वस्त व सोपी असली, तरी तिच्यामुळे प्रत्येक संभाषण ज्या जोडणीवर सुरू झाले, तिच्याशीच जखडले जाते.

कार्यपद्धती : राउटरमध्ये मार्ग-कोष्टक असते. पॅकेटाच्या गंतव्य पत्त्याशी ज्या नोंदीचे अंक सर्वांत अधिक लांबीपर्यंत जुळतात, ती नोंद निवडली जाते. कोणतीच विशिष्ट नोंद जुळली नाही, तर पॅकेट पूर्वनिश्चित गेटवेकडे जाते. दोन जोडण्या असताना याखेरीज धोरण-नियम लावता येतात. उदा., लेखाविभागाचे संगणक पहिल्या जोडणीने व इतर सर्व दुसऱ्या जोडणीने बाहेर जावेत, असा नियम करता येतो. एकदा संभाषण सुरू झाले की, दोन्ही टोकांचे पत्ते, पोर्ट क्रमांक व वापरलेली जोडणी यांची नोंद संभाषण-कोष्टकात होते. जोडणी जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी राउटर बाहेरच्या एखाद्या पत्त्याकडे ठराविक काळाने चाचणी-संदेश पाठवितो आणि उत्तरे येणे थांबल्यास वाहतूक दुसऱ्या जोडणीकडे वळवितो.

प्रमुख दोष : (१) परतीचा मार्ग चुकणे : समजा, उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी २०३.०.११३.५ हा पत्ता पहिल्या जोडणीचा व १९८.५१.१००.९ हा दुसऱ्या जोडणीचा आहे. बाहेरच्या व्यक्तीची विनंती दुसऱ्या पत्त्यावर आली आणि अंतर्गत सर्व्हरचे उत्तर पूर्वनिश्चित मार्गाने पहिल्या जोडणीतून गेले, तर त्यावर दोहोंपैकी कोणताही पत्ता असला, तरी संभाषण जुळत नाही. उगमपत्ता दुसऱ्या सेवादात्याचा राहिल्यास पहिला सेवादाता ते पॅकेट टाकून देण्याचा संभव असतो; कारण खोट्या उगमपत्त्यांना आळा घालण्यासाठी अशी गाळणी लावावी, अशी शिफारस २००० पासून रूढ आहे. पत्ता बदलून गेल्यास विनंती करणाऱ्याला ते उत्तर अनोळखी ठरते. विनंती ज्या जोडणीने आली तिनेच उत्तर परत पाठविण्याचा नियम करणे, हा यावरील उपाय होय.

(२) नियमांचा क्रम : अनेक फायरवॉलांत नियम वरून खाली तपासले जातात व पहिला जुळणारा नियम लागू होतो. सर्व वाहतूक अमुक गेटवेकडे न्यावी, हा नियम सर्वांत वर असल्यास शेजारच्या विभागातील छपाईयंत्राकडे किंवा शाखा कार्यालयाकडे जाणारी पॅकेटेही इंटरनेटवर ढकलली जातात. अंतर्गत पत्त्यांसाठीचा नियम त्याच्या आधी असावा लागतो.

(३) गेटवेचे समान पत्ते : दोन सेवादात्यांच्या मोडेमांना १९२.१६८.१.१ असा एकच पूर्वनियोजित पत्ता असू शकतो. अशा वेळी कोणत्या बाजूचा गेटवे अभिप्रेत आहे, हे राउटरला ठरविता येत नाही. एका मोडेमाचा पत्ता-विभाग बदलला म्हणजे दोष नाहीसा होतो.

(४) भ्रामक चाचणी : चाचणीचा पत्ता म्हणून केवळ जवळचा मोडेम निवडल्यास त्यापलीकडे सेवा खंडित झालेली असूनही जोडणी चालू असल्याचे दिसते. याउलट दूरचा एकच पत्ता निवडला आणि तो बंद पडला, तर चांगली जोडणीही बाद ठरते. म्हणून सेवादात्याच्या जालापलीकडील एकाहून अधिक पत्ते निवडणे इष्ट असते.

(५) जुन्या नोंदी व बदलता पत्ता : जोडणी बदलल्यानंतरही जुनी संभाषणे आपल्या पूर्वीच्या नोंदीला चिकटून राहतात. विशेषतः इंटरनेट-दूरध्वनीचे उपकरण सतत पॅकेटे पाठवीत असल्याने त्याची नोंद कालबाह्यच होत नाही. संगणक चालू, पण दूरध्वनी मुका, अशी चमत्कारिक अवस्था त्यामुळे निर्माण होते. संबंधित नोंदी पुसून टाकल्यावर ती दूर होते. भार वाटताना एकाच ग्राहकाच्या विनंत्या दोन पत्त्यांवरून गेल्यास बँकेसारखी संकेतस्थळे त्याला संशयाने बाहेर काढू शकतात. एका संगणकाला ठराविक काळ एकाच जोडणीवर ठेवल्याने हे टळते.

(६) नामपद्धती व पॅकेटाचा आकार : काही सेवादात्यांचे डीएनएस सर्व्हर फक्त स्वतःच्या ग्राहकांना उत्तरे देतात. जोडणी बदलल्यावरही राउटर पहिल्याच सेवादात्याच्या सर्व्हरकडे विचारणा करीत राहिला, तर नावांचे पत्ते मिळत नाहीत आणि इंटरनेट बंद असल्याचा भास होतो. दुसरा दोष आकाराचा असतो. ईथरनेटावरील पॅकेटाची नेहमीची कमाल मर्यादा १,५०० बाइट असते. पीपीपीओई पद्धतीच्या जोडणीत ८ बाइट तिच्या स्वतःच्या शीर्षभागासाठी जात असल्याने १,४९२ बाइटच उरतात. आकार कमी करण्याची सूचना देणारे संदेश फायरवॉलने अडविल्यास लहान मजकूर पोहोचतो, पण मोठी पाने व फायली अर्धवट थांबतात.

दोषशोधनाची पद्धती : दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी व प्रत्येक जोडणी प्रथम एकटीच तपासावी. राउटरऐवजी संगणक थेट मोडेमाला जोडून सेवा मिळत नसेल, तर दोष राउटरच्या मांडणीबाहेर आहे, हे निश्चित होते. त्यानंतर नावाऐवजी अंकी पत्त्याने चाचणी घ्यावी, म्हणजे नामपद्धतीतील दोष वेगळा काढता येतो. यासाठी माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला पिंग हा आज्ञाकार्यक्रम उपयोगी पडतो. पाणबुडीच्या शोधासाठी वापरण्यात येणाऱ्या सोनार यंत्राच्या ध्वनीवरून त्याला हे नाव देण्यात आले. ट्रेसराउट या कार्यक्रमाने वाटेतील राउटर क्रमाने समजतात, परंतु त्यात जाण्याचाच मार्ग दिसतो, परतीचा दिसत नाही.

परतीच्या मार्गाचा निर्णायक पुरावा पॅकेट-नोंदणीने मिळतो. राउटरच्या आतील बाजूस विनंती दिसते, पण बाहेरील कोणत्याही बाजूस दिसत नसेल, तर नियम किंवा मार्ग-कोष्टक चुकलेले असते. ती अनपेक्षित जोडणीच्या बाजूस दिसल्यास नियमांचा क्रम तपासावा. ती योग्य बाजूने बाहेर जाऊनही उत्तर येत नसेल, तर उगमपत्ता व सेवादात्याची गाळणी यांकडे वळावे. उत्तर बाहेरील बाजूस येते, परंतु आत पोहोचत नाही, असे आढळल्यास संभाषण-कोष्टक पाहावे. या चार निरीक्षणांनी दोषाचे क्षेत्र बरेच आकुंचित होते.

जोडण्यांचे स्वातंत्र्य : राउटरची मांडणी निर्दोष असली, तरी दोन्ही जोडण्या एकाच चरातून, एकाच खांबावरून किंवा एकाच वीजपुरवठ्यावर येत असल्यास त्या एकदमच बंद पडतात. ३० जानेवारी २००८ रोजी ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहराजवळ सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या दोन सागरी केबली निकामी झाल्या. दोन्ही केबली मुंबईपर्यंत येणाऱ्या असल्याने भारतातील इंटरनेट सेवेत मोठा व्यत्यय आला. मालकी वेगळी असलेले मार्गही एकाच अरुंद ठिकाणाहून जात असतील, तर ते परस्परांना पर्याय ठरत नाहीत, हे या घटनेवरून स्पष्ट झाले. दोन सेवादाते निवडताना त्यांच्या तारा प्रत्यक्षात कोठून जातात, याची विचारणा करणे म्हणूनच आवश्यक असते.

पर्यायी जोडणीचे मोल ती वापरण्याची वेळ येईपर्यंत दिसत नाही आणि तिच्यातील दोषही तोवर दडून राहतो. म्हणून ठराविक काळाने, कामाची गर्दी नसताना, मुख्य जोडणी मुद्दाम तोडून इंटरनेट-दूरध्वनी, शाखांशी असलेला संपर्क व बाहेरून येणाऱ्या विनंत्या तपासल्या जातात. मुख्य जोडणी पूर्ववत केल्यावर वाहतूक तिच्याकडे परत येते की नाही, हेही त्याच वेळी पाहावे लागते. रुग्णालये, बँका इ. ठिकाणी सेवा खंडित होण्याचे परिणाम गंभीर असल्याने तेथे अशा चाचण्यांना विशेष महत्त्व आहे.