धोंडू, दगडू आणि आयुष्याची दोरी

दिवाळीच्या फराळाला चार वडीलधारी माणसे जमली की एक उद्गार हमखास कानी पडतो. "पूर्वीची माणसे दणकट हो! ज्वारीची भाकरी आणि घरचे तूप खाऊन नव्वदी गाठीत. आता पन्नाशीतच गोळ्या सुरू!" ऐकणारेही माना डोलावतात, कारण बहुतेकांच्या घराण्यात असा एखादा नव्वदीचा आजोबा होऊन गेलेला असतो.

आकडे मात्र निराळेच बोलतात. १९४१ ते १९५१ या दशकात भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे आणि महाराष्ट्रात तर त्याहून थोडे अधिकच. मग ते नव्वदीचे आजोबा खोटे काय? मुळीच नाही. सारी गंमत 'सरासरी' या शब्दात आहे. दोन भावंडांपैकी एक पहिल्या वर्षी गेले आणि दुसरे ६३ वर्षे जगले, तर दोघांची सरासरी ३२च भरते! आपल्याला आठवतात ती जगलेली माणसे. पाळण्यातून गेलेल्यांचे नावही घरात कुणी काढीत नाही.

भाषेने मात्र त्यांना विसरू दिलेले नाही. मराठी शिकवणे हा माझा व्यवसाय. त्यामुळे असल्या खुणांकडे लक्ष जातेच. आमच्या धाराशिव जिल्ह्यात कुणाच्याही आजोबा-पणजोबांची नावे विचारा; धोंडू, दगडू, केरबा भेटतीलच. आधीची मुले जगली नाहीत, म्हणून पुढच्याचे नाव असे ओबडधोबड ठेवायचे. म्हणजे काळाची नजर त्याच्याकडे वळणार नाही, ही त्यामागची समजूत. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा. पटकीसाठी गावच्या शिवेवर मरीआई. अंगावर फोड उठवणाऱ्या रोगाला तर नावच 'देवी'! ज्याच्यापुढे इलाज चालत नाही, त्याला हात जोडायचे, एवढेच त्या आईबापांच्या हाती होते.

मग ही दोरी लांबली कशी? म्हाताऱ्यांना कुठला अमृतकुंभ सापडला म्हणून नव्हे, तर मुख्यतः पाळणे रिकामे होईनात म्हणून. देवीचा देशातील शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला. हिवतापाविरुद्धची देशव्यापी मोहीम १९५३ साली सुरू झाली. लस आली, शुद्ध पाणी आले, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. १९७१ साली देशात हजारी १२९ बालके वर्षाच्या आत जात. २०२० साली हा आकडा २८वर आला, महाराष्ट्रात तर १६वर.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही राहतात. १८६७ साली त्या चिमुकल्या बेटावर हिवतापाने हजारो बळी घेतले. १९४९च्या सुमारास तेथे डासांविरुद्ध डीडीटीची मोहीम निघाली, हिवताप हटला आणि आयुर्मान भराभर वाढले. आज तेही सत्तरीपलीकडे आहे. बेट असो की बालाघाटचे पठार, मंत्र एकच!

तेव्हा पन्नाशीत गोळ्या घेणाऱ्यांनी खंत करू नये. पूर्वी कितीकांच्या वाट्याला पन्नाशीच येत नसे! सहस्रचंद्रदर्शनाला ८० वर्षे १० महिने लागतात. तो सोहळा आता गल्लोगल्ली होतो. मात्र अनेक घरांत तो आटोपला की मुले पुण्या-मुंबईच्या गाडीत बसतात आणि सत्काराची शाल घडी करून ठेवायला म्हातारी एकटीच उरते. शास्त्राने आणि सरकारने वर्षे मिळवून दिली. त्या वर्षांत सोबत द्यायची, ती घरच्यांनीच. हजारातली ती १६ बालके वाचवणे आणि या माणसांना एकटे पडू न देणे, दोरीची ही दोन्ही टोके अजून आपल्याच हातांत आहेत.