बॉम्बकक्षातला माणूस आणि ‘जंग और अमन’

अणुबॉम्ब टाकणाऱ्या विमानावरच्या चित्रपटाबद्दल लिहा, असं संपादकांनी सांगितलं. मी हॉलिवूड बाजूला ठेवून आनंद पटवर्धनांचा ‘जंग और अमन’ घेतला. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर भारत, पाकिस्तान, जपान, अमेरिका फिरून केलेला हा माहितीपट २००२ साली आला. सुरुवात गांधीहत्येपासून होते.

मी अडकले ती अमेरिकेतल्या भागात. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या ‘एनोला गे’ विमानाबरोबर तिथली होरपळही मांडायचं स्मिथसोनियन संग्रहालयानं ठरवलं होतं. माजी सैनिकांच्या संघटना आणि खासदार खवळले. १९९५ साली तो आराखडा रद्द झाला, संचालक मार्टिन हार्विट यांनी राजीनामा दिला. विमान लोकांना दिसलं, पण त्याच्याखाली जळालेली माणसं गाळली गेली.

त्या विमानाच्या पोटात नेमकं काय झालं, ते मी मग शोधून वाचलं. टिनियन बेटावर उड्डाण करतानाच कोसळून पेटलेली बी-२९ विमानं ‘एनोला गे’वर बॉम्बची जबाबदारी असलेल्या विल्यम पार्सन्स यांनी पाहिली होती. आपलंही तसं झालं तर अख्खं बेट जाईल, म्हणून ६ ऑगस्ट १९४५ ला विमान हवेत गेल्यावर ते अरुंद बॉम्बकक्षात उतरले. बॉम्बच्या मागचं बूच काढलं, कॉर्डाइट या तोफेच्या दारूच्या चार रेशमी पिशव्या आत सरकवल्या, बूच पुन्हा आवळलं. पुढे त्यांचे सहायक मॉरिस जेप्सन यांनी बॉम्ब रोखून धरणारे हिरवे प्लग काढून तो सज्ज करणारे लाल बसवले. कॉर्डाइट पेटलं की युरेनियमचा एक भाग नळीतून दुसऱ्यावर आदळणार, एवढीच ती रचना. सव्वाआठला थॉमस फेरबी यांनी बॉम्ब सोडला. मिनिटभराच्या आत तो हिरोशिमावर फुटला.

कॉर्डाइटमधलं नायट्रोसेल्युलोज कापसापासून बनतं. जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहणारा आखूड तंतूही त्याला चालतो. आम्ही खानदेशातले, कापसावर जगणारे. वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतुसं बनतात. तिथे पाळीला जाणारी माणसं आपल्याच घरांतली, कामाला चोख. पार्सन्सही चोखच होते. मला हेच बोचतं. त्या विमानात कुणाचा हात चुकला नाही, आणि शहर गेलं.

पोखरणजवळचे गावकरी, युरेनियम खाणींशेजारचे आदिवासी यांच्यापर्यंत पटवर्धन चित्रपटात माणसांपासून बॉम्बपर्यंतची ही साखळी उलट्या बाजूनं नेतात. सेन्सॉर मंडळाला ते खुपलं. त्यांनी काटछाट मागितली. पटवर्धन न्यायालयात गेले आणि २००३ साली मुंबई उच्च न्यायालयानं एकही तुकडा न कापता चित्रपटाला वाट करून दिली. तरी असे माहितीपट आपल्याकडच्या थिएटरांत सहसा लागत नाहीत. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांनी तो येत्या ६ ऑगस्टला लावावा. लांबी दोन तासांच्या वर आहे. पूर्ण दाखवावा, आणि वरणगाव-भुसावळच्या कामगारांनाही बोलवावं.