कातळातून काढलेले किल्ले

नाहूरहून धिम्या लोकलने ठाणे गाठायचं, तिथून कसारा लोकल पकडायची आणि पुढे घोटीमार्गे आंबेवाडी. समोर कळसूबाईच्या रांगेतले तीन डोंगर उभे राहतात: अलंग, मदन, कुलंग. तिन्ही सुमारे 1,500 मीटर उंच. खालून किल्ल्याची खूणच दिसत नाही. दिसतो तो फक्त काळा, सरळसोट कडा. मग किल्ला आहे कुठे?

तो कडाच तर किल्ला आहे! या तटाचं काम सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सुरू झालं. जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला, पसरला, थिजला. त्यावर पुढचा थर आला, त्यावर आणखी एक. प्रत्येक थराचं पोट घट्ट, माथा मात्र वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र. पावसानं सच्छिद्र भाग झिजवला, तिथे जंगलाचे पदर तयार झाले. घट्ट भाग कडा होऊन तसाच उभा राहिला. असा तट कोणत्या राजाला परवडला असता?

माणसाला फक्त वर जायची वाट हवी होती. ती पाथरवटांनी छिन्नी-हातोड्यानं कड्याच्या पोटातच खोदली. ना चुना, ना वीट. पायऱ्या इतक्या अरुंद आणि उभ्या, की एका वेळी एकच माणूस चढणार. खाली हजारांची फौज असली, तरी वरच्याला सामना करायचा तो एकट्या माणसाशी! किती थोडक्या शिबंदीवर केवढा डोंगर राखता येत असेल, याचा विचार करा.

आणि याच हुशारीत किल्ल्याचा घातही दडलेला होता. 1818 मध्ये पेशवाई बुडाली. सह्याद्रीतले किल्ले पुन्हा कोणी लढवू नयेत, ही इंग्रजांची चिंता. हे अख्खे डोंगर पाडणार कसे? पाडायची गरजच नव्हती. अलंग आणि मदनच्या पायऱ्यांना त्यांनी सुरुंग लावले, माळ्याची शिडी काढून घ्यावी तसे. काही हात लांबीची वाट उडाली आणि किल्ले निकामी झाले. आजही त्या तुटलेल्या टप्प्यांवर दोर लावूनच चढावं लागतं.

वर पोचलात की सगळ्यात मोठं नवल भेटतं. पाणी! डोंगरमाथ्यावर, जिथे ना नदी ना विहीर. इगतपुरीच्या या पट्ट्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जवळपास सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने शिबंदीनं प्यायचं काय? म्हणून घट्ट कातळात टाकी खोदली, एकाशेजारी एक. पहिल्या टाक्यात गाळ बसतो, भरून वाहिलेलं पाणी पुढच्यात निवळ होऊन जातं. आता हिशेब करून बघा. 5 मीटर लांब, 4 मीटर रुंद, 3 मीटर खोल असं एकच टाकं धरा. त्यात 60,000 लिटर पाणी मावतं. माणशी रोज 4 लिटर दिलं, तर 100 माणसांना ते 150 दिवस पुरेल. एक टाकं! वर इथे तर टाक्यांच्या ओळी आहेत.

ही विद्या किल्ल्यांहूनही जुनी. नाहूर-मुलुंडच्या पश्चिमेला दिसणाऱ्या डोंगरांपलीकडे कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या बौद्ध भिक्षूंसाठी किल्लेदारांच्या कितीतरी शतकं आधी पाथरवटांनी कातळात पन्हळी कोरून पावसाचं पाणी टाक्यांत उतरवलं होतं. मला तर या टाक्यांपुढे तटबुरूज फिके वाटतात. दरवाजे ढासळले, वाडे भुईसपाट झाले, पण पाऊस झाला की टाकी आजही भरतात.

जाणार असाल, तर पावसाळा टाळा, दोर आणि वाटाड्या सोबत घ्या. आणि वर गेल्यावर टाक्यात पाय बुडवू नका, भांडी विसळू नका. तुमच्यामागून येणाऱ्याला वर प्यायला तेवढंच पाणी आहे.