तारा नेमकं काय सांगतो?

वॉशिंग मशिनचा ड्रेन पंप बदलून, फरशीवर सांडलेलं पाणी स्वतःच्या फडक्याने पुसून तो तरुण उठला. दारात चपला घालता घालता म्हणाला, "काका, मेसेज येईल. पाच स्टार द्या हं. चार दिले तरी वरून विचारणा होते." मी मनाशी चारच योजले होते. काम चोख होतं; यायला मात्र दोन तास उशीर झाला होता. माझ्या लेखी चार म्हणजे शाबासकी, त्याच्या लेखी ठपका. एकाच आकड्याचे असे दोन अर्थ कसे झाले, ते शोधताना मी या मापांच्या इतिहासात शिरलो.

चिन्हांनी दर्जा दाखवायची रीत जुनी आहे. मारियाना स्टार्क या इंग्रज लेखिकेने १८२० च्या आपल्या युरोप-प्रवासाच्या पुस्तकात कलाकृतींपुढे उद्गारचिन्हं छापली. कलाकृती जितकी थोर तितकी चिन्हं जास्त. मिशलिन या टायर कंपनीच्या मार्गदर्शिकेने १९२६ पासून उत्तम उपाहारगृहांना तारा दिला, १९३१ मध्ये दोन आणि तीन तारे आणले आणि १९३६ मध्ये त्यांचे निकष छापले. एक तारा म्हणजे आपल्या वर्गात फार चांगलं, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं असं, तीन म्हणजे खास तेवढ्यासाठी प्रवास करावा असं. प्रवाशाने काय करावं हे ताराच सांगत होता.

१९३२ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी लोकांचा कल मोजायला पाच पायऱ्यांची पट्टी मांडली. ठाम पसंतीपासून ठाम नापसंतीपर्यंत प्रत्येक पायरीला शब्द होता. संकेतस्थळांनी पाच पायऱ्या उचलल्या; शब्द बहुतेक ठिकाणी वाटेतच गळाले.

परिणाम लवकर दिसला. बहुतेक लोक पाचच तारे देतात, असं यूट्यूबने २००९ मध्ये सांगितलं आणि २०१० मध्ये तारे काढून अंगठे आणले. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये तेच केलं. २००९ मध्येच तीन संशोधकांनी ॲमेझॉनवरच्या अभिप्रायांचा आलेख इंग्रजी 'जे' अक्षरासारखा असल्याचं दाखवलं: पाचांचा ढीग, थोडे एक, मधे खळगा. ज्याला आवडेल असं वाटतं तोच वस्तू घेतो, आणि 'बरी आहे' वाटणारा लिहायला बसत नाही. अंगठ्याने निवड सोपी झाली, पण 'बरी आहे'ला जागा उरली नाही.

सरासरीही फसवते. एका खानावळीला तिघांनी पाच-पाच तारे दिले, सरासरी ५. दुसरीला दोनशे जणांनी मिळून ४.६. साधी क्रमवारी पहिलीला वर बसवते. चित्रपटांच्या आयएमडीबी या संकेतस्थळाने आपल्या यादीसाठी प्रसिद्ध केलेलं सूत्र इथे कामी येतं: प्रत्येकाच्या खात्यात आधीच काही मध्यम मतं धरायची. चार ताऱ्यांची वीस मतं धरली, तर पहिलीचे होतात ४.१ आणि दुसरीचे ४.५. किती जण बोलले, याला वजन आलं.

पहिलं मत पुढच्यांना ओढतं, हेही सिद्ध झालं आहे. २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या प्रयोगात काही टिप्पण्यांना मुद्दाम एक अनुकूल मत आधीच दिलं होतं. त्यांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी चढले. यावर एक उपाय म्हणजे आधीचं मत झाकून ठेवणं: मुक्कामाच्या जागा भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने २०१४ पासून यजमान आणि पाहुणा यांचे अभिप्राय दोघांनी लिहिल्यावर, किंवा मुदत संपल्यावरच, उघड करायला सुरुवात केली.

हे तपशील वाटतात तितके किरकोळ नाहीत. मायकेल ल्यूका यांच्या सिॲटलमधल्या अभ्यासात येल्प या अभिप्रायांच्या संकेतस्थळावरचा एक जादा तारा उपाहारगृहाचं उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढवताना दिसला. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. अभिप्राय गोळा कसे करावेत, तपासावेत आणि छापावेत, याचे नियम त्यात आहेत. पण अभिप्राय खरा असूनही प्रश्नच मोघम असेल, तर उत्तर भलत्याच्या माथी जातं.

पंप खोलताना तो तरुण बोलून गेला होता: दहा ते अकराच्या वेळेत त्याला तीन घरं नेमून दिली होती. उशीर त्याचा नव्हता, वेळापत्रक आखणाऱ्याचा होता. मी पाच तारे दिले, आणि उशिराची नोंद कुठेच झाली नाही. 'काम नीट झालं का?' आणि 'दिलेली वेळ पाळली गेली का?' असे दोन वेगळे प्रश्न हवे होते. पहिल्याचं उत्तर त्याच्या नावावर, दुसऱ्याचं कंपनीच्या. मग त्याचे पाच तारे मी मनापासून दिले असते, आणि त्याला दारात थांबून ते मागावे लागले नसते.