पूर्व परीक्षेआधीचे तीस दिवस: वाचायचं किती, आठवायचं किती

गेल्या व्याख्यानानंतर आमच्याकडे ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांतल्या बऱ्याच चिठ्ठ्यांत एकच प्रश्न होता. "राज्यसेवा पूर्वला महिना राहिलाय, आता काय वाचू?" आज आपण याच प्रश्नावर बोलणार आहोत. आणि सुरुवातीलाच सांगतो, आमची अडचण त्या प्रश्नातल्या 'वाचू' या शब्दाशी आहे.

आधी साधा हिशेब करू. शालेय पाठ्यपुस्तकं, राज्यघटनेचं जाडजूड पुस्तक, अर्थव्यवस्था, भूगोल, आधुनिक महाराष्ट्राचा इतिहास, विज्ञान, पर्यावरण, वर्षभराच्या चालू घडामोडी. सगळं मिळून २,५०० पानं धरू, ही काही फार मोठी संख्या नाही. तीस दिवसांत ती एकदा वाचायची तर रोज ८३ पानं होतात. शिवाय सीसॅट आहे, टेस्ट आहेत, टेस्टचं विश्लेषण आहे. म्हणजे मग वाचन कसं होतं, तर डोळे ओळींवरून घसरत जातात. आधीच अधोरेखित केलेलं दिसतं, मन म्हणतं 'हे येतंय आपल्याला', आणि पान उलटतं. अभ्यासिकेत बारा तास बसल्याचं समाधान मिळतं. पण 'हे ओळखीचं वाटतं' आणि 'हे मला आठवतं' या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

यावर कुणी म्हणेल, परीक्षा बहुपर्यायी आहे, पर्याय समोर दिलेले असतात, मग ओळखता आलं तरी पुरे की! इथेच आयोग आपल्याला पकडतो. पंचायत राजवरचा प्रश्न घ्या. पर्याय असतात वसंतराव नाईक, बोंगिरवार, बाबूराव काळे, पी. बी. पाटील. ज्यानं पुस्तक एकदा जरी चाळलंय, त्याला ही चारही नावं ओळखीची आहेत. ओळखीचं नाव निवडायचं तर चारही निवडावी लागतील! नाईक समिती १९६० ची, बोंगिरवार १९७० ची, काळे १९८० ची आणि पाटील १९८४ ची, आणि कुणी काय सुचवलं, हे समोर काही नसताना आठवत असेल तरच तो प्रश्न सुटतो.

याबद्दल एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत रॉडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं चारही सत्रांत तो वाचला. दुसऱ्या गटानं पहिल्या सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न बघता जेवढं आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८३ टक्के आठवलं, दुसऱ्यांना ७१. आठवड्यानं परीक्षा घेतली तर वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१. गंमत पुढेच आहे. आपल्या लक्षात किती राहील असं आधी विचारलं, तेव्हा जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती.

म्हणजे रात्री झोपताना ज्या पद्धतीनं 'आज मस्त अभ्यास झाला' असं वाटतं, तीच पद्धत आठवड्यानं दगा देते. आणि आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

मग करायचं काय? एक विषय घेऊन दाखवतो. आज पंचायत राज आहे. पुस्तक बंद ठेवायचं. कोरा कागद घ्यायचा आणि वीस मिनिटं आठवेल ते लिहायचं. बलवंतराय मेहता, अशोक मेहता, राज्यातल्या समित्या, १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम, १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती. अक्षर कसंही येऊ दे, क्रम चुकू दे. पहिल्या दिवशी कागद अर्धा कोरा राहतो आणि फार वाईट वाटतं. बरेच जण तिथेच पेन ठेवून पुन्हा पुस्तक उघडतात. कृपा करून वीस मिनिटं पूर्ण बसा. आठवण्याचा तो त्रास हाच खरा अभ्यास आहे. मग पुस्तक उघडा, वेगळ्या रंगाच्या पेनानं चुका दुरुस्त करा, राहिलेलं भरा, आणि तेवढंच वाचा. जे न बघता लिहिता आलं, ते या महिन्यात पुन्हा वाचायची गरज नाही. पानांचा डोंगर इथे खऱ्या अर्थानं कमी होतो. तीन दिवसांनी तोच विषय पुन्हा कोऱ्या कागदावर, आणि त्यानंतर आठवड्यानं.

दुरुस्त करताना एक गोष्ट दिसेल. आपण विसरतो कमी, घोळ जास्त घालतो. म्हणून एक वेगळी वही करा. आम्ही तिला गोंधळाची वही म्हणतो. एका पानावर एकच जोडी. ७३ वी दुरुस्ती, अकरावं परिशिष्ट, २९ विषय, २४ एप्रिल १९९३ पासून लागू. समोर ७४ वी, बारावं परिशिष्ट, १८ विषय, १ जून १९९३. परमहंस सभेत दादोबा पांडुरंग, १८४९. प्रार्थना समाजात त्यांचे भाऊ आत्माराम पांडुरंग, १८६७. दोन्ही मुंबईत, दोघेही पांडुरंग, घोळ होणारच. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० ची आणि डेक्कन सभा १८९६ ची, रानड्यांचं नाव दोन्हींशी जोडलेलं. इथे नुसती सालं घोकू नका, कारण लिहा. १८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकांच्या गटाकडे गेली, म्हणून रानडे-गोखल्यांच्या बाजूनं पुढच्याच वर्षी नवी सभा निघाली. कारण कळलं की सालं आपोआप जागेवर बसतात. ही वही महिन्याभरात साठ-सत्तर पानांची होईल, आणि शेवटच्या चार दिवसांत तुमच्या हातात फक्त तीच असायला हवी. दुकानात मिळणाऱ्या नोट्समध्ये हे सापडत नाही, कारण तुमचा गोंधळ तुमचाच असतो.

विषयांच्या वाटणीबद्दल थोडक्यात. पहिले सतरा-अठरा दिवस विषयवार, पुढचे आठ-नऊ दिवस सगळे विषय मिसळून, कारण परीक्षेत इतिहासानंतर लगेच रसायनशास्त्र येतं. चालू घडामोडींसाठी कोणतंही एकच संकलन. राज्याच्या आर्थिक पाहणीतले ठळक आकडे एका पानावर. नवं पुस्तक मात्र कुठलंच नाही, मित्राकडे असलं तरी नाही.

आता टेस्ट. महिन्यात पूर्ण लांबीच्या सहा-सात पुरेत, पण एका टेस्टच्या विश्लेषणाला टेस्टच्या दुप्पट वेळ द्या. सोडवताना प्रत्येक उत्तराशेजारी खूण करा: खात्री असेल तर टिक, दोन पर्यायांत अडकलात तर 'दोन', निव्वळ अंदाज असेल तर 'अं'. तपासताना एकूण गुण नंतर मोजा, आधी या खुणांचे गुण मोजा. का ते सांगतो.

पेपर एकमध्ये १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. बरोबर उत्तराला २ गुण, चुकीला एक चतुर्थांश म्हणजे अर्धा गुण वजा. समजा २० प्रश्नांत तुम्ही दोन पर्यायांवर येऊन थांबलात आणि निम्मे बरोबर आले. २० गुण आले, ५ गेले, १५ हाती राहिले. ते सगळे सोडून दिले असते तर शून्य. अगदी डोळे मिटून २० प्रश्न सोडवले आणि चारातला एक या हिशेबानं पाच बरोबर आले, तरी १० आले, साडेसात गेले. यूपीएससीत वजावट एक तृतीयांश आहे, तिथे हाच हिशेब शून्यावर येतो. आपल्याकडे पाचातला एक बरोबर आला की बरोबरी होते. म्हणून 'खात्री नसेल तर हात लावू नका' हा सरसकट सल्ला राज्यसेवेला लागू पडत नाही.

पण हा कागदावरचा हिशेब झाला. आयोगाचे चुकीचे पर्याय खऱ्यासारखे दिसतील असेच रचलेले असतात, त्यामुळे आपला अंदाज नाणं उडवल्यासारखा निष्पक्ष नसतो. एखाद्याचे 'दोन' या खुणेचे प्रश्न दहापैकी सहा बरोबर येतात, एखाद्याचे तीन. 'अं' या खुणेचे कुणाचे पाचात एकही येत नाहीत. तुमचं प्रमाण सहा टेस्टनंतर तुम्हालाच कळेल, आणि किती प्रश्न सोडवायचे हे त्यावरूनच ठरवा. यूट्यूबवर कुणी ९५ सांगतो, कुणी ८०, त्यांनी तुमच्या खुणा पाहिलेल्या नसतात.

आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना अंतिम उत्तरतालिकाच वापरा. पहिल्या तालिकेवर हरकती येतात, काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. आणि 'खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे' यातल्या 'अयोग्य'ला गोल करायची सवय याच महिन्यात लावा. येत असलेल्या प्रश्नाचे गुण इथे जातात, त्याचं दुःख वेगळंच असतं.

सीसॅट आता पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के, म्हणजे २०० पैकी ६६ गुण. त्यामुळे त्याला गृहीत धरलं जातं. ८० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. ३२ बरोबर आणि १८ चूक आले तर ६८.७५ होतात, म्हणजे जेमतेम पार. निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना वजावट नाही, त्यातला एकही सोडू नका. ज्यांना गणिताची भीती आहे त्यांनी रोज एक तास उतारे, तेही घड्याळ लावून. ज्यांना टेस्टमध्ये सहज ११०-१२० पडतात, त्यांनी आठवड्याला एक पेपर सोडवून हा विषय बंद करावा.

झोपेबद्दल. दिवसा आठवून पक्कं केलेलं रात्री झोपेत मुरतं. पहाटे तीनपर्यंत जागून मिळवलेले तीन तास दुसऱ्या दिवशी पेंगत परत द्यावे लागतात.

आता एक अवघड गोष्ट. 'शेवटचा महिना' असं आपण म्हणतो, पण तो शेवटचा असेलच असं नाही. ५ एप्रिल २०२० ची पूर्व परीक्षा कोविडमुळे आणि इतर कारणांनी पुढे जात जात २१ मार्च २०२१ ला झाली. २५ ऑगस्ट २०२४ ची १ डिसेंबरला झाली. नव्या पेठेत, सदाशिव पेठेत खोली घेऊन राहणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको: आणखी काही महिन्यांचं भाडं, मेस, आणि घरी फोन करून पुन्हा पैशांचं बोलणं. तारखा आपल्या हातात नाहीत. पण घोकून भरलेलं डोकं परीक्षा पुढे गेली की पंधरा दिवसांत रिकामं होतं, आणि आठवून लिहिलेलं बरंच टिकतं. अशी वेळ आलीच तर दोन दिवस घरी जाऊन या. आल्यावर नवी पुस्तकं उघडू नका. तेच कोरे कागद, फक्त अंतर वाढवा. तीन दिवसांऐवजी आठवडा, आठवड्याऐवजी तीन आठवडे. तारीख जवळ आली की पुन्हा अंतर कमी करा.

शेवटची चिठ्ठी घेतो. "दोन पेपरांच्या मधल्या वेळात काय करू?" पहिली गोष्ट, फाटकाबाहेर उत्तरं ताडून बघणाऱ्या घोळक्यापासून लांब जा. पेपर एकचे गुण आता बदलणार नाहीत, आणि सीसॅट बिघडला तर पेपर एक तपासलेला असून नसल्यासारखा. जेवण घरून किंवा मेसमधून डब्यात न्या, पोटभर नको, पोळी-भाजी पुरे. सावलीत पंधरा मिनिटं डोळे मिटून बसा. दुपारी जेवल्यावर उतारे वाचायची सवय नसेल तर डोळे जड होतात. म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत सीसॅटचा सराव सकाळी करू नका. वेळापत्रकात दुसऱ्या पेपरची जी वेळ असेल, त्याच वेळेला, जेवून झाल्यावर करा.