खोडदची दुर्बीण आणि देशाचा चेहरा

परराष्ट्र धोरण म्हणजे केवळ सैन्य, करार आणि व्यापार नव्हे. धाक न दाखवता, पैसा न चारता दुसऱ्या राष्ट्राच्या मनात आपल्याविषयी आदर निर्माण करणे, हाही त्याचाच भाग होय. जोसेफ नाय या अमेरिकन अभ्यासकाने १९९० मध्ये ज्या शक्तीची मांडणी केली, तिला मराठीत ‘मृदू सत्ता’ म्हणता येईल. भारताने त्याआधीच, १९५० साली, भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली होती. नृत्य, संगीत, योग आणि बुद्ध ही या व्यवहारातील आपली चलनी नाणी.

विज्ञानही असेच काम करते. जुन्नर तालुक्यातील खोडदला केंद्र असलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीचे उदाहरण घ्या. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ती उभारली आणि ऑक्टोबर २००१ मध्ये ती जगातील वैज्ञानिकांना अर्पण झाली. परदेशी संशोधकही निरीक्षणासाठी अर्ज करतात. प्रस्तावाची गुणवत्ता पाहून वेळ मिळतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या युरोपीय यानाचे क्षीण संकेत याच दुर्बिणीने टिपले. अशा कामातून मिळणारा मान जाहिरातीने मिळत नाही.

परंतु त्याच २००१ सालाची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. खोडदच्या त्या समारंभाच्या जेमतेम महिनाभर आधी डर्बन येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद झाली. दलित प्रतिनिधी तेथे जातीचा प्रश्न घेऊन गेले होते. जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, अशी भूमिका भारत सरकारने घेतली. अंतिम जाहीरनाम्यात जातीचा उल्लेख आला नाही. पुढे २०१५ मध्ये लंडनमधील बाबासाहेबांचे निवासस्थान महाराष्ट्र शासनाने विकत घेऊन स्मारक केले. जपानमधील कोयासान विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला.

बाबासाहेब जगाला दाखवायचे आणि त्यांनी ज्या व्यवस्थेशी झुंज दिली ती मात्र घरगुती बाब म्हणून झाकायची, हे कसे जमावे? मृदू सत्ता विश्वासावर टिकते. पुतळा पाहणारा परदेशी माणूस कधी ना कधी विचारणारच, की ज्यांच्यासाठी हा माणूस लढला त्यांचे आज काय? त्या प्रश्नाचे उत्तर कोणतीही परिषद, कोणताही महोत्सव देऊ शकत नाही. ते आपल्या गावांच्या पाणवठ्यांवर आणि वस्त्यांतच द्यावे लागेल. म्हणून या स्मारकांना नाके मुरडण्याचे कारण नाही. राज्यसंस्थेने जगासमोर दिलेली ती कबुली आहे, असे मानून तिचा हिशेब मागणे, हे आपले काम आहे.